बिनभोकाची चकती

मुलगी काय करते, असं कुणी विचारलं की आई सांगते, "पोलादातला कचरा बघते." असं सांगू नकोस म्हणून मी तिच्याशी कितीदा तरी भांडले. ती म्हणते, "मग काय सांगू, तूच सांग." आणि मी सांगायला लागले की दुसऱ्याच वाक्याला तिला गॅसवरचं दूध आठवतं.

तरी इथं सांगतेच, कारण त्याशिवाय पुढचा डोक्याचा ताप कुणाला कळायचा नाही. पोलाद वितळलेलं असतं तेव्हा त्यात प्राणवायू विरघळलेला असतो. तो तसाच राहिला तर थिजलेल्या पोलादात भोकं पडतात, म्हणून त्यात बेताचं ॲल्युमिनियम टाकतात. ॲल्युमिनियम त्या प्राणवायूला धरतं आणि दोघांचे मिळून बारीक बारीक कण होतात, डोळ्यांना न दिसणारे. काही तरंगून रसावरच्या मळीत जातात, बाकीचे आतच अडकतात. शिवाय पोलाद एकदम थिजत नाही. साच्याच्या कडेकडून आत थिजत जातं. कुल्फी गोठताना कडेला नुसता बर्फ होतो आणि गोडी मधे सरकते, तसंच. मधे उरलेल्या रसात नको ती द्रव्यं दाटत जातात आणि तिथं आणखी नवे कण तयार होतात. धातूच्या पोटात बसलेले हे धातू नसलेले कण. उद्या ती वस्तू तडकली तर बऱ्याचदा तडा तिथूनच सुरू होतो. किती कण, केवढे, कुठं, हे ओतायच्या आधीच गणितानं सांगता यावं असं मॉडेल कॉम्प्युटरवर बसवायचं, हा माझा पीएचडीचा विषय. म्हणजे आईचंही अगदीच चूक नाही, पण ते मी तिच्यासमोर कबूल करणार नाही.

मी संगमनेरला एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. गणित बरोबर की चूक हे ताडून बघायला खरं पोलाद लागतं, आणि ते द्यायला नगरच्या एमआयडीसीतली एक लहानशी फाउंड्री कबूल झाली. मालक तरुण, बोलायला गोड. "म्याडम, कारखाना तुमचाच समजा," म्हणाले. कारखान्याची सुट्टी शनिवारी आणि माझी रविवारी, म्हणजे माझा रविवार गेलाच. सकाळची एसटी, कोल्हारपासून पुढं हाडं खिळखिळी, आणि घरी आई तोंड फुगवून एकटीच उपासनेला. तिथं तिनं पाळकांना काय सांगितलं देव जाणे. एका रविवारी त्यांनी सगळ्या मंडळीसमोर प्रार्थना केली म्हणे, की हे प्रभू, आमच्या बहिणीच्या पोलादातले दोष दूर कर. दोष दूर झाले तर मी बघू काय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

फाउंड्रीत माझी पहिली लढाई चहावरून झाली. मी बिनसाखरेचा चहा पिते. तसं स्पष्ट सांगितलं. चहा आला तो पाकासारखा. पुढच्या वेळी परत सांगितलं, "अजिबात साखर नको." परत तोच पाक. चहा आणणाऱ्या बाईंना विचारलं, "साखर टाकली का हो?" त्या म्हणाल्या, "न्हाई." मी म्हटलं, "अहो, गोड लागतोय." त्या म्हणाल्या, "दुधाचा गोडवा असंल." आणि असं हसल्या की पुढं भांडायची सोयच ठेवली नाही. मी तो चहा गिळला आणि विसरले. पुढचं सगळं मला त्याच दिवशी कळायला हवं होतं, पण चहाच्या कपावरून कुणी पोलादाचं ताडत नाही.

भट्टी सांभाळायचे ते मामा. काष्टीकडच्या एका वाडीतले, उभं आयुष्य भट्टीपुढं गेलेलं. मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. भट्टी रिकामी करायच्या वेळी मामांनी हात वर केल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही. मालकही फोन कानाचा काढून उभे राहायचे. मामा दर वेळी माझ्यासाठी श्रीगोंद्याची लिंबं आणायचे, पिशवी भरून. "एवढी कशाला मामा, घरात दोघीच आहोत," म्हटलं की पुढच्या वेळी पिशवी आणखी मोठी.

माझं काम तसं साधं होतं. ल्याडलमधून, म्हणजे ज्या मोठ्या बादलीतून साच्यांत ओततात तिच्यातून, लांब दांड्याच्या चमच्यानं थोडा रस घ्यायचा आणि छोट्या लोखंडी साच्यात ओतायचा. बिस्किटाएवढी चकती तयार होते. ती मी कॉलेजात नेऊन कापणार, घासून आरशासारखी करणार आणि सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजणार. अडचण एवढीच की चमच्यातून ओतताना रसाला हवा लागते आणि इवल्याशा चकतीत भोकं पडतात. ती पडू नयेत म्हणून फाउंड्रीच्या रोजच्या तपासणीच्या चकतीत सगळेच ॲल्युमिनियमच्या तारेचा तुकडा टाकतात. रोजच्या तपासणीला तो चालतो. मला मात्र तो विषासारखा, कारण त्या तारेनंच नवे कण होणार. म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगितलं, माझ्या चकतीत काही टाकायचं नाही. मामांनी मान डोलावली आणि तशीच चकती ओतली. भोकंच भोकं. मी खूश. भोकं सोडून मधली जागा मला पुष्कळ होती.

तेवढ्यात मालक आले. चकती हातात घेतली आणि म्हणाले, "काय मामा हे? म्याडम ही पुण्याला त्यांच्या सरांना दाखवणार. तिथले लोक म्हणतील, नगरला पोलाद करतात का चाळण्या? कारखान्याच्या अब्रूचा तरी विचार करा." हसतच म्हणाले आणि चकती भंगाराच्या डब्यात टाकून निघून गेले. मामा हसले नाहीत.

मी म्हटलं, "मामा, त्यांचं ऐकू नका. मला भोकाचीच हवी. काही टाकू नका."

"बरं," मामा म्हणाले.

दुसरी चकती आली ती गुळगुळीत. एक भोक नाही. मी विचारलं, "तार टाकली का?"

"न्हाई."

"नक्की?"

"छ्या. मगाशी साचा वलसर हुता, म्हनून भोकं पडली. आता शेकून घेतलाय."

साचा ओलसर असला की भोकं पडतात हे खरंच आहे. मला पटलं. तिथून पुढं प्रत्येक रविवारी मला गुळगुळीत चकत्या मिळत गेल्या, एकाहून एक देखण्या, आणि माझ्या आयुष्याचं वाटोळं सुरू झालं.

मॉडेल म्हणे, एवढ्या ॲल्युमिनियमला एवढेच कण होणार. सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तर कणांचे थवे. मी थिजण्याचा वेग बदलून पाहिला. प्राणवायू वाढवून पाहिला. कण एकमेकांना चिकटण्याचं गणित उपटून पुन्हा नव्यानं बसवलं. घोडं कुठं पेंड खातंय ते काही कळेना. पुण्याचे माझे मार्गदर्शक फोनवर शांतपणे म्हणायचे, "निसर्ग चुकत नाही, मॉडेल चुकतं." हे वाक्य मी मुलांना दर वर्षी शिकवते, त्यामुळे चिडताही येईना. मी दर वेळी नव्या चकत्या आणायची, दर वेळी तेच. आई म्हणायची, "तेच दळण किती दळशील?" आणि मी तिच्यावर खेकसायची. घरात लिंबांचं लोणचं एवढं झालं की ठेवायला बरण्या उरल्या नाहीत.

असं वर्ष गेलं. आणि मग ते साखळीचे दुवे परत आले.

फाउंड्री साखर कारखान्यांसाठी ऊस ओढणाऱ्या साखळीचे दुवे ओतायची. ऐन गळीत हंगामात एका ठिकाणचे काही दुवे तडकले, साखळी तुटली, मोळ्या अडकल्या, आणि गिऱ्हाईक दुवे टेम्पोत घालून दारात आलं. मालकांची झोप उडाली. त्यांनी मला फोन केला, "म्याडम, तुमच्या कॉम्प्युटरला विचारा की काय झालं." मी म्हटलं, माझंच अजून जुळत नाही, मी काय सांगणार. पण मधेच कधी तरी मी त्यांना माझे आलेख पाठवले होते, शिष्टाचार म्हणून. ते त्यांनी काढले आणि स्वतःच अर्थ लावला. कॉम्प्युटर म्हणतो कण कमी हवेत. चकत्यांत दिसतात भरमसाट. म्हणजे मामा ल्याडलमध्ये अंदाजपंचे ॲल्युमिनियम ओततो. अति तिथं माती, दुवे तडकले.

"अहो, थांबा," मी म्हटलं, "एवढ्यात असं काही ठरवू नका."

"म्याडम, तुमचंच तर गणित आहे," ते म्हणाले. आणि मामांना भट्टीवरून काढून भंगाराच्या यार्डात पाठवलं.

पुढच्या रविवारी मी गेले तर भट्टीपुढं दुसराच माणूस. मामा यार्डात उन्हात गंजके पत्रे निवडत होते. भट्टी रिकामी व्हायची वेळ झाली तशी मामांनी सवयीनं मान वर करून तिकडं बघितलं आणि पुन्हा पत्र्यांत घातली. मला इतका संताप आला की कुणावर काढावा तेच कळेना. मालकांवर, त्या आलेखांवर, माझ्यावर. ज्या मॉडेलवर मी स्वतः कवडीचा विश्वास ठेवत नव्हते, त्याच्या जोरावर एका माणसाला भट्टीवरून उठवलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरी झाली की नाही तेही ठाऊक नव्हतं.

मी मालकांकडून एक तडकलेला दुवा मागून घेतला. द्यायला ते खळखळ करत होते. मी म्हटलं, "दुवा द्या, नाही तर माझं नाव घेऊन कुणाला दोष देऊ नका." दिला. कॉलेजात नेऊन कापला, घासला, बघितला.

स्वच्छ. मॉडेल म्हणत होतं तेवढेच कण, म्हणत होतं तिथंच. माझा विश्वास बसेना. दुसऱ्या बाजूनं कापला. तिथंही तेच. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा माझं गणित खऱ्या पोलादाला लागू पडलं होतं. खरं तर नाचायला हवं होतं मी. पण दुव्यावरच्या नंबरावरून तो ज्या ओतण्यातला, त्याच ओतण्यातली चकती माझ्याकडं होती, आणि तिच्यात थवे. एकाच पातेल्यातली आमटी एका वाटीत अळणी आणि दुसरीत खारट लागत असेल, तर मीठ पातेल्यात पडलेलं नसतं. वाटीत पडलेलं असतं.

मी रविवारची वाट बघितली नाही. रजा टाकली, एसटी धरली आणि सरळ यार्डात गेले.

"मामा, खरं सांगा. माझ्या चकतीत तार टाकत होता?"

मामांनी हातमोजे काढले. "व्हय की."

वेळ विचारल्यावर सांगावी इतक्या सहज म्हणाले. मी म्हटलं, "मी दर वेळी विचारत होते. तुम्ही दर वेळी नाही म्हणत होता."

"मंग काय म्हनायचं? तुमी आपल्या भिडंखातर म्हनत असाल, नको नको. पावना च्याला नको म्हनतो, म्हनून काय कुनी त्याला तसाच लावून देतं व्हय? आन साखर घातली का इचारलं तर घातली म्हनून कुनी सांगतं?" आणि वर समजावून सांगितलं, "रोजच्या सँपलाला एकच तुकडा टाकतो आमी. तुमच्या चकतीला दोन टाकायचो. पुन्याला जायाची हुती न्हवं."

कपाळावर हात मारून घेतला मी. खरोखरचा, यार्डात उभं राहून. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात ना, तशी गत. मी ओरडलेच त्यांच्यावर. म्हटलं, "मामा, वर्ष गेलं माझं. अहो, सगळ्याच्या सगळ्या चकत्या खोट्या. एक उपयोगाची नाही. सगळं पहिल्यापासून करावं लागणार. कळतंय का तुम्हाला?"

मामांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "समद्या?"

"सगळ्या."

मी म्हटलं, "चला मालकांकडं. हे आत्ताच्या आत्ता सांगू, म्हणजे तुम्ही उद्या भट्टीवर." ते मुकाट्यानं मागं आले.

केबिनमध्ये मी मालकांना सगळं समजावलं. दुवा स्वच्छ आहे. चकत्यांत तार पडत होती, म्हणून कण दिसत होते. ल्याडलमध्ये मामांनी जास्त काही टाकलेलं नाही. दुवे का तडकले ते दुसरीकडं शोधा. मालक मामांकडं वळले. "काय मामा, टाकत होता तार?"

आणि मामा म्हणाले, "न्हाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मालकांनी पुन्हा विचारलं. मामा जमिनीकडं बघत म्हणाले, "म्याडमच्या चकत्या बराबर हायेत. तार न्हाई टाकली. ल्याडलमधी ॲल्युमिनियम जास्ती पडलं असंल माज्याच हातनं. वय झालं आता."

यार्डात मी ओरडले होते, त्यातलं एवढंच त्यांनी धरलं होतं. चकत्या खोट्या ठरल्या की म्याडमचं वर्ष बुडतं. मग आपण यार्डात बसलेलं बरं. पुन्हा पाहुणचार. मी मागितला नव्हता, नको म्हणत होते, आणि पुन्हा माझ्या कपात साखर पडत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागानं की कशानं, मला आजही सांगता येत नाही.

मालक माझ्याकडं बघून म्हणाले, "मग म्याडम? मामा तर नाही म्हणतात. तुमच्या चकत्या खऱ्या आहेत की नाही, तुम्हीच सांगा."

त्या क्षणी गप्प बसले असते तरी चाललं असतं. कुणी विचारलं नसतं. चकत्यांना जुळेल असं काही तरी गणितात घुसडता आलं असतं, तसं करणारे मी पाहिलेत.

"चकत्या खोट्या आहेत," मी म्हटलं. "मी माझ्या मार्गदर्शकांना तसं लिहून कळवते, तुम्हालाही देते. आणि मामा खोटं बोलताहेत. तुम्हीच पहिल्या दिवशी भोकाच्या चकतीला चाळणी म्हणालात, तेव्हापासून ते तार टाकताहेत."

"मी?" मालक म्हणाले. "मी कधी म्हणालो?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी उठून बाहेर आले, नाही तर टेबलावरचा पेपरवेट उचलला असता.

मामा मागोमाग आले. माझ्यावर चिडले होते. "म्याडम, कशाला सांगितलं तुमी? मी ऱ्हायलो असतो यार्डात. मला काय हुतंय? तुमचं शिक्षान गेलं ना."

"मामा," मी म्हटलं, "तुम्हाला भंगारात बसवून मी डॉक्टर होऊ का? लाज नाही वाटणार मला?"

ते यार्डाकडं दोन पावलं गेले, वळले. मग म्हणाले, "पन चकती लई वंगाळ दिसती वो, भोकाची."

दुव्यांचा दोष पुढं पाणी देण्याच्या टाकीत सापडला. तापलेले दुवे गरजेपेक्षा गार पाण्यात बुडवले जात होते. मामा भट्टीवर परत गेले. मालकांनी माफी वगैरे मागितली नाही, फक्त भट्टी रिकामी व्हायच्या वेळी फोन कानाचा काढून पुन्हा उभे राहायला लागले. मार्गदर्शक म्हणाले, "पुन्हा करा." मी पुन्हा करतेय. आता चमच्यातून रस पडताना मी साच्याला नाक लावून उभी असते, आणि मामा भोकाची चकती माझ्या हातात देतात तेव्हा तोंड दुसरीकडं करतात. फडक्यात गुंडाळून देतात, कामगारांनी बघू नये म्हणून. कण जुळताहेत. चहा अजून गोडच येतो.

नव्यानं सुरू केलं तेव्हा पहिल्याच वेळी मामांनी फडक्यात दोन चकत्या दिल्या होत्या. एक भोकाची. दुसरी गुळगुळीत, चांगली दोन तुकडे तार टाकून ओतलेली. "ही आईस्नी द्या," म्हणाले, "दाखवायला."

ती आता आमच्या शोकेसमध्ये आहे, वडिलांच्या फोटोशेजारी. आई येणाऱ्याजाणाऱ्याला ती हातात देऊन सांगते, "हे आमच्या हिचं पोलाद. बघा, कणभर कचरा नाही." त्या चकतीत जेवढे कण आहेत तेवढे माझ्या नव्या सगळ्या चकत्यांत मिळून नसतील. हे मी आईला समजावलं आहे, चिडून, हात जोडून, सगळ्या प्रकारांनी. ती हो म्हणते. आणि दारावरची बेल वाजली की माझ्या टेबलावरच्या भोकाच्या चकत्यांवर आधी रुमाल टाकते, मग दार उघडायला जाते.